मतदानाविना मत

मराठी भाषेने 'मत' हा एकच शब्द दोन कामांना जुंपला आहे. यंत्राचे बटण दाबून दिले जाते तेही मत आणि जेवणानंतर बडीशेप चघळत समोरच्याच्या गळी उतरवले जाते तेही मतच. इंग्रजीने या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द राखल्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यास त्यांतील एक गोष्ट नाकारली गेली तर दुसरीने तिची भरपाई होईल असे सहसा वाटत नाही. मराठी माणसास मात्र ते उपजतच वाटत असते. या भाषिक योगायोगाचे परिणाम तपासण्यास खुद्द महाराष्ट्र फारसा उपयोगी नाही, कारण तेथील बहुतेक प्रौढांजवळ दोन्ही मते असतात आणि त्यांपैकी कोणते कोणाची उणीव भरून काढते हे निवडून काढता येत नाही. पहिल्या प्रकारच्या मताचा अंशही न मिसळलेले दुसऱ्या प्रकारचे मत पाहायचे असेल, तर अभ्यासकास अमेरिकेतील टेक्सास राज्यात जाऊन फ्रिस्को हे गाव गाठावे लागते.

डॅलस शहराच्या उत्तरेस कॉलिन आणि डेंटन या दोन काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, परंतु आपला शेरीफ आणि आपले न्यायाधीश स्वतः निवडून देणारा विभाग) पसरलेल्या या गावाचे नाव सॅन फ्रान्सिस्कोवरून थेट आलेले नाही. ते 'सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को' या रेल्वे कंपनीच्या लोकांच्या तोंडी रुळलेल्या लघुनामावरून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी वाफेच्या इंजिनांना पाणी घेण्यासाठी थांबण्याची जागा हवी होती, ती येथे सापडली, आणि इंजिनाने पाणी पिऊन पुढे जावे एवढ्यासाठी वसलेल्या या ठिकाणी पुढे माणसे थांबू लागली. १९९० च्या जनगणनेत येथे सुमारे ६,१०० लोक होते, २००० मध्ये ३३,७१४, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २,००,५०९. या वाढीत भारतीयांचा, आणि भारतीयांत संगणकावर काम करणाऱ्या मराठी कुटुंबांचा, वाटा नजरेत भरण्याजोगा आहे. ही कुटुंबे बहुधा प्रथम अर्व्हिंग शहराच्या व्हॅली रँच भागातील भाड्याच्या घरांत उतरतात आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला की उत्तरेस सरकून फ्रिस्कोत घर घेतात. 'डॅलस काउबॉइज' या अमेरिकी फुटबॉल संघाचे मुख्यालयही व्हॅली रँचमध्येच होते आणि २०१६ मध्ये तेही फ्रिस्कोत आले. संघाने शाळेचा विचार केला होता असे वरवर वाटणार नाही. पण 'द स्टार' नावाच्या त्या ९१ एकरांच्या संकुलात शहर आणि शालेय जिल्हा हे दोघेही भागीदार असून तेथील १२,००० आसनांच्या बंदिस्त मैदानात फ्रिस्कोच्या सरकारी शाळांचे सामने होतात, हे लक्षात घेता दोन्ही स्थलांतरांची कारणे वाटतात तितकी भिन्न नाहीत.

येथील मराठी समाजाचे वर्गीकरण जात, जिल्हा किंवा उत्पन्न यांवरून करण्यात अर्थ नाही. ते व्हिसावरून करावे लागते, कारण मताचा प्रश्न तेथेच गुंतलेला आहे. पहिला वर्ग 'एच-वन-बी' धारकांचा, म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या नोकरीसाठी ठरावीक मुदतीचा परवाना मिळालेल्यांचा. हे भारताचे नागरिक असल्याने त्यांना अमेरिकेत मत नाही. भारतात ते आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या नागरिकास मतदार यादीत नाव नोंदवता येते, मात्र मत देण्यासाठी पासपोर्टावरील पत्त्याच्या मतदान केंद्रावर सदेह हजर राहावे लागते. म्हणजे कोथरूडच्या गृहस्थास फ्रिस्कोत बसून कोथरूडचा हक्क आहे, परंतु तो बजावण्यासाठी दोन विमाने बदलून, बोटाला शाई लावून, पुन्हा दोन विमाने बदलून यावे लागते, आणि परतीच्या वेळी व्हिसाचा शिक्का ताजा नसेल तर वकिलातीच्या रांगेतही उभे राहावे लागते. दुसरा वर्ग ग्रीन कार्डवाल्यांचा; हे कायमचे राहू शकतात, पण नागरिक भारताचेच राहतात, त्यामुळे त्यांची स्थिती पहिल्यासारखीच, केवळ अधिक निर्धास्त. तिसरा वर्ग अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्यांचा. यांना कॉलिन काउंटीत मत आहे आणि कोथरूडमध्ये नाही, परंतु त्यांची मते सगळी कोथरूडविषयी असतात. चौथा वर्ग सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांचा असून कच्च्या मालाचा पुरवठा त्याच्याकडे असतो. सकाळी साडेपाचला उठून, मराठी वाहिन्यांच्या बातम्या पाहून, घर जागे होण्यापूर्वी आजोबांनी दिवसभर पुरतील इतकी मते तयार ठेवलेली असतात.

उंटावरून शेळ्या हाकण्याची कला भारतात जुनी आहे. तिला साडेअकरा तासांच्या अंतरावरून हाकण्याची जोड येथे मिळाली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले आणि २३ तारखेस सकाळी ८ वाजता मोजणी सुरू झाली, त्या वेळी फ्रिस्कोत २२ तारखेच्या शुक्रवारचे रात्रीचे साडेआठ वाजले होते. प्रवासी मराठी समाजाच्या इतिहासात कालगणनेने इतकी कृपा क्वचितच केली असेल. एरवी शुक्रवारी रात्री 'पॉटलक' असतेच (पॉटलक म्हणजे यजमानाने घर द्यायचे आणि पाहुण्यांनी स्वयंपाक आणायचा, ही आपल्या अंगत-पंगतीची मोटारीतून आलेली आवृत्ती). त्या रात्री तिच्यात २८८ मतदारसंघ मिसळले. पुलावाचे अॅल्युमिनियमचे ट्रे, मिसळीची कढई आणि मुलांसाठी मागवलेला पिझ्झा यांच्यामधून वाट काढत भिंतीवरील ७५ इंची पडद्यापर्यंत पोहोचलेल्यांपैकी एकाचेही मत त्या मोजणीत नव्हते, आणि मध्यरात्रीपर्यंत निकाल स्पष्ट झाल्यावर आपण हे आधीच सांगितले होते असे न म्हणणारा एकही माणूस उरला नव्हता.

अशा प्रसंगी एखादा अमेरिकी शेजारी आलेला असतो आणि त्याला परिस्थिती समजावून देण्याचे काम ज्याच्यावर येते त्याची दया करावी. शिवसेना दोन आहेत, राष्ट्रवादीही दोन आहेत. धनुष्यबाण एका सेनेकडे गेला आणि दुसरीस मशाल मिळाली. घड्याळ एका राष्ट्रवादीकडे आणि तुतारी वाजवणारा माणूस दुसरीकडे. नाव आणि चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोगाने ठरवले, येथपर्यंत आल्यावर शेजारी एकाएकी मान डोलावतो, कारण त्याला क्लीव्हलंड आठवते. तेथील 'ब्राउन्स' संघाच्या मालकाने १९९५ च्या मोसमानंतर खेळाडू आणि कचेरी उचलून बाल्टिमोरला नेली, तेव्हा तडजोडीत संघाचे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडलाच ठेवावा असे ठरले. बाल्टिमोरला गेलेल्यांनी नवे नाव घेतले आणि १९९९ मध्ये क्लीव्हलंडने जुन्या नावाने नवा संघ उभा केला. महाराष्ट्राचे राजकारण एखाद्या परकीयास इतक्या लवकर समजल्याचे दुसरे उदाहरण नसावे. त्या बदल्यात तो फुटबॉलचे नियम समजावू लागतो आणि 'फर्स्ट डाउन' म्हणजे काय, येथे संभाषण थांबते.

स्थानिक राजकारणात पहिल्या दोन वर्गांचा सहभाग एकाच मार्गाने होतो आणि त्या मार्गाचे नाव 'प्रोटेस्ट' आहे. हा शब्द ऐकून मोर्चा, घोषणा किंवा आझाद मैदान डोळ्यांसमोर आणू नये. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. त्याची कसर घरपट्टी भरून काढते आणि तिचा सर्वांत मोठा हिस्सा शाळांकडे जातो. दरवर्षी काउंटीचे मूल्यांकन खाते घराची किंमत ठरवून कळवते आणि ती जास्त वाटल्यास साधारणपणे १५ मेपर्यंत तक्रार करता येते. ही तक्रार म्हणजे प्रोटेस्ट. तिला नागरिकत्व लागत नाही, घर असले की पुरे. त्यामुळे जो गृहस्थ शनिवारच्या जेवणात आपल्या घराची किंमत दुप्पट कशी झाली हे चार कुटुंबांना सांगतो, तोच सोमवारी मूल्यांकन मंडळापुढे भिंतीला तडे गेल्याची छायाचित्रे सादर करून घर जवळजवळ पडायला आले आहे असे शपथेवर सांगतो. दोन्ही मते प्रामाणिक असतात. श्रोते बदलतात, इतकेच.

आता मालकाकडे वळणे प्राप्त आहे, कारण फ्रिस्कोत ज्याच्याविषयी मत नसणे असभ्य मानले जाते असा एकच माणूस आहे. तेल आणि नैसर्गिक वायूच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या जेरी जोन्स यांनी फेब्रुवारी १९८९ मध्ये काउबॉइज संघ सुमारे १४ कोटी डॉलरला विकत घेतला आणि घेतल्या घेतल्या टॉम लँड्री यांना काढून टाकले. लँड्री हे संघाच्या स्थापनेपासून, म्हणजे २९ मोसम, प्रशिक्षक होते. ही बातमी डॅलसला कशी लागली असेल हे समजण्यासाठी एखाद्या परप्रांतीय व्यापाऱ्याने सकाळी पर्वती विकत घेऊन दुपारी देवदेवेश्वरास घरी पाठवले अशी कल्पना करावी. त्यानंतर संघाने १९९२, १९९३ आणि १९९५ या मोसमांचे 'सुपर बोल', म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद, जिंकले. त्यापुढे अंतिम सामना राहिलाच, त्याच्या आधीची पायरीही संघाला चढता आलेली नाही. या साऱ्या काळात 'जनरल मॅनेजर', म्हणजे कोणते खेळाडू घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवणारा अधिकारी, स्वतः जोन्सच आहेत. मालकाने जनरल मॅनेजरला जाब विचारायचा असतो, परंतु येथे त्यासाठी आरसा लागतो.

मराठी संगणक अभियंत्यास या प्रकरणाने जितके छळले आहे तितके ग्रीन कार्डाच्या रांगेनेही छळले नसेल. त्याचे स्वतःचे कामाचे मूल्यमापन दर सहा महिन्यांनी होते आणि दोनदा ते घसरले तर त्याला 'पिप'वर घालतात (सुधारणा करा अन्यथा निघा, असे सभ्य भाषेत सांगणारी लेखी योजना). तीस मोसम उद्दिष्ट न गाठलेला मॅनेजर जागेवर कसा, हा त्याचा प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळ आहे, पण ते पोटात घालायला जड जाते. फोर्ब्सच्या २०२५ च्या अंदाजानुसार या संघाची किंमत १,३०० कोटी डॉलर झाली असून ती जगातील कोणत्याही क्रीडासंघापेक्षा अधिक आहे. न जिंकता नव्वदपट. आपण नक्की कोणत्या क्षेत्रात आहोत, असा विचार रात्री उशिरा भांडी डिशवॉशरमध्ये लावताना अनेकांच्या मनात येऊन जातो.

तथापि जोन्स यांच्याविषयीची मते सर्वाधिक फुलून येतात ती पडद्यावरून. अर्लिंग्टन येथे २००९ मध्ये सुरू झालेले संघाचे भव्य मैदान सुमारे पूर्व-पश्चिम पसरले असून त्याच्या दोन्ही टोकांना काचेचे प्रचंड दरवाजे आहेत, आणि हिवाळ्याच्या तोंडावर दुपार कलली की पश्चिमेच्या काचेतून आत आलेले ऊन थेट खेळाडूंच्या डोळ्यांत घुसते. १० नोव्हेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियाच्या संघाशी खेळताना सीडी लँब या काउबॉइजच्या प्रमुख खेळाडूस मोकळ्यात आलेला चेंडू उन्हामुळे दिसलाच नाही. सामना ३४–६ असा हरल्यावर त्याने पडदे लावावेत असे स्पष्टच सांगितले. गाण्याच्या जलशांसारख्या इतर कार्यक्रमांना त्याच काचांवर पडदे लावले जातात, म्हणजे प्रश्न शिवणकामाचा नव्हता. मालकांनी नकार दिला. सूर्य कोठे असणार हे सर्वांना आधी ठाऊक असते आणि ऊन दोन्ही संघांना सारखेच लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा वाद अमेरिकी वृत्तपत्रांनी खेळाचा म्हणून चालवला. फ्रिस्कोतील मराठी घरांत त्याचे स्वरूप मुळीच तसे नव्हते, कारण हा विषय तेथे तज्ज्ञांच्या हाती पडला. फ्रिस्कोत घर घेताना मराठी कुटुंब प्रथम दिशा पाहते, मग शाळा पाहते आणि शेवटी किंमत पाहून पुन्हा दिशेकडे येते; पूर्वाभिमुख प्लॉटला मागणी जास्त असते हे तेथील बांधकाम व्यावसायिकांनाही कळून चुकले आहे. नाइलाजाने पश्चिमेचे घर घ्यावेच लागले, तर ताबा मिळाल्यावरच्या पहिल्या शनिवारी घरातील कर्ता पुरुष भाड्याच्या ड्रिलने पडद्यांचे दांडे बसवत असतो आणि शिडी धरून उभी असलेली गृहिणी डावे टोक अर्धा इंच खाली आहे असे सांगत असते. ज्यांनी हा अनुभव घेतला, त्यांच्या दृष्टीने अब्जावधी डॉलरची वास्तू पश्चिमेला उघडी टाकणारा मालक हा खेळातला गुन्हेगार नसून संसारातला होता. "एवढा खर्च केलाय, तर दोन पडदे लावायला काय जातंय? सून काहीच बोलत नाही का त्यांची?" असे एखाद्या काकू चकलीचा तुकडा मोडत विचारतात, तेव्हा वास्तुशास्त्र, गृहव्यवस्था आणि क्रीडाप्रशासन यांचा जो मिलाफ होतो तो कोणत्याही समालोचकाला साधलेला नाही. अधिक खोलात जाणारे आजोबा अजिंक्यपद न मिळण्याचा संबंध नैर्ऋत्येशी जोडतात. मैदान सुरू झाले २००९ मध्ये आणि अजिंक्यपद त्याआधी तेरा वर्षांपासून हुकत होते, हे कोणी लक्षात आणून दिले तर ते जुन्या मैदानाची दिशा विचारतात.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. या चर्चांत स्त्रिया कपड्यांवर आणि पुरुष खेळावर बोलतात असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. फ्रिस्कोत ते टिकत नाही. 'सॅलरी कॅप', म्हणजे एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करावा याची लीगने घातलेली मर्यादा (२०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती), ही कल्पना पुरुषांना दहा वर्षांत नीट उमगलेली नाही, कारण ते तिच्याकडे पगार म्हणून पाहतात. वीस वर्षे भिशी चालवलेल्या बाईला ती एका वाक्यात कळते. सप्टेंबर २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉट या 'क्वार्टरबॅक'शी, म्हणजे संघाचा चेंडू हलवणाऱ्या सूत्रधाराशी, चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलरचा करार झाला. एकाने पहिलाच मोठा नंबर उचलला तर शेवटच्यांच्या वाट्याला काय राहणार, हे भिशीवाल्या बाईने त्याच आठवड्यात सांगितले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये मायका पार्सन्स हा संघाचा सर्वांत धाकदायक बचावपटू पगाराचा तिढा न सुटल्याने ग्रीन बे पॅकर्स संघाकडे गेला, तेव्हा तिला आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

पॅकर्सचा उल्लेख आला आहे, तर तो सोडून पुढे जाता येणार नाही. विस्कॉन्सिनमधील या संघाला एक असा मालकच नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक त्याचे मालक आहेत. त्यांच्या भागास लाभांश मिळत नाही, त्याची किंमत वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही. संचालक निवडताना मत देता येते आणि भिंतीवर प्रमाणपत्र लावता येते. इतक्या अटी ऐकूनही लोक रांगेत उभे राहून ते विकत घेतात, हे कळल्यावर कोणासही प्रश्न पडेल. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेस एकदा तरी गेलेल्या माणसास तो पडत नाही.

मराठी समाजाची संघमालकाविषयीची कल्पना मुळात संस्थानिकांवर पोसलेली आहे, म्हणूनच जोन्स त्याला अपुरे वाटतात. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंना आपल्या फौजेत हुद्दा दिला, चंदू सरवटे, मुश्ताक अली यांच्यासारखे खेळाडू जमवले आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. खेळाडू नोकरीत ठेवणे, त्यांना मान देणे आणि स्वतः तंबूत बसून पाहणे, असा हा मालक. त्याच्या उलट टोकाचे उदाहरण डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच घडले. भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते, ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या होत्या आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. संस्थानिकच कर्णधार असल्याने त्याला कोण सांगणार, अशी स्थिती होती. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेले. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. मालक, कर्णधार आणि निवडकर्ता हे एकाच टोपीखाली आले की काय होते, हे पुणेकरांनी जेरी जोन्स सहा वर्षांचे असताना पाहून ठेवले होते, परंतु डॅलसने त्यांचे मत घेतले नाही.

टोपीचा विषय येथे ओघानेच येतो. लँड्री सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला सूट आणि काठाची फेडोरा टोपी घालून उभे राहत; टेक्सास शासकीय स्मशानभूमीतील त्यांच्या स्मारकावर ती टोपी कोरलेली आहे. कर्तृत्व विसरले जाते आणि शिरोभूषण टिकते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. जून २०१८ मध्ये पुण्यातील सभेत शरद पवार यांनी सत्कारासाठी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरावी असे सुचवले, तेव्हा दोन्ही पगड्यांवर लिहिले गेलेले मजकूर एकापुढे एक मांडले असते तर ते फ्रिस्कोपर्यंत पोहोचले असते. नाही म्हणायला पोहोचलेच. तेथील गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत डोक्यावर भगवा फेटा आणि अंगात काउबॉइजची निळी जर्सी असलेले ढोलवादक दिसतात. या जोडणीवर दोन मते आहेत. फेटा उतरवावा असे म्हणणारा एकही नाही आणि जर्सी उतरवावी असे म्हणणारे दरवर्षी मोसमाच्या निकालानुसार कमी-अधिक होतात.

वलयांकित व्यक्तींच्या पोशाखावर मत देण्याची रीत मात्र कठोर असून तिला परीक्षणाची एक पद्धत आहे. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये शाहरुख खान सब्यसाचीचा काळा कोट घालून आला. ज्याच्या एका प्रवेशिकेची किंमत ७५,००० डॉलर होती त्या समारंभाविषयी बोलताना फ्रिस्कोच्या बैठकीने ती रक्कम तत्काळ रुपयांत नेली, हे नोंदवण्याजोगे आहे; कारण स्वतःच्या खर्चाचा रुपयांत हिशेब करणे हा समाज देशात आल्यापासून तिसऱ्या वर्षी सोडून देतो आणि दुसऱ्याच्या खर्चाचा कधीच सोडत नाही. पडद्यावरील पोशाखाला हात लावून पाहता येत नाही ही त्या बैठकीची खरी अडचण. समोर असलेल्यास ती सवलत नसते. दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या सभागृहाच्या दाराशी, पैठणी नेसलेल्या बाईचे दुसरी बाई तोंडभर स्वागत करते, "अय्या, किती सुंदर!" म्हणत खांद्यावरून पदर उचलते आणि तर्जनी व अंगठ्यात धरून, बोलणे न थांबवता, उलटा करते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदरावरील मोर मागूनही पुढच्यासारखाच सुबक दिसतो. यंत्रावरच्या 'सेमी'च्या मागे सुटे धागे लोंबतात. सारी तपासणी चार सेकंदांत होते, पदर पुन्हा खांद्यावर जातो, आणि ओठांवरचे हसू जसेच्या तसे असते. मत दिले जाते ते नंतर, मोटारीत, नवऱ्याला. त्याला येवला कोठे आहे हे ठाऊक असते, याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षाही नसते.

या सर्व मतांना एकदाच फळ आले असे म्हणता येईल. ६ जून २०२४ रोजी ग्रँड प्रेअरी येथे, म्हणजे फ्रिस्कोतून मोटारीने सहज जाता येईल अशा अंतरावर, अमेरिकेच्या क्रिकेट संघाने विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले आणि ते निर्णायक षटक टाकले सौरभ नेत्रावळकरने. मुंबईकडून रणजी खेळलेला, भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून २०१० चा विश्वचषक खेळलेला आणि पुढे ओरॅकल कंपनीत अभियंता झालेला हा मुलगा. आपल्याला हवे तसे मत दिल्याने काहीतरी घडले, असा आनंद त्या रात्री फ्रिस्कोला झाला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच नेत्रावळकरने रोहित आणि विराट या दोघांना झटपट बाद केले, तेव्हा कोणत्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात यावर एकाच सोफ्यावरील तीन पिढ्यांची तीन मते झाली.

आता राहिला तो तिसऱ्या वर्गातील नवा नागरिक. पंधरा-वीस वर्षे वाट पाहून, शपथ घेऊन, छोटा ध्वज हातात घेऊन छायाचित्र काढून झाल्यावर तो प्रथमच मतदानास जातो. टेक्सासची मतपत्रिका लांबलचक असते. राज्यपालापासून शेतकी आयुक्तापर्यंत, सर्वोच्च न्यायालयापासून काउंटीच्या लहान न्यायालयांपर्यंत, सारे पक्षाच्या नावावर निवडून द्यायचे असतात आणि एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय २०२० पासून बंद झाली आहे. मतदानाच्या जागेपासून शंभर फुटांच्या आत फोन वापरण्यास मनाई असल्याने व्हॉट्सअॅपच्या गटाला विचारता येत नाही. ज्याला कोथरूडच्या प्रत्येक प्रभागाचा कल तोंडपाठ आहे, तो 'काउंटी कोर्ट अॅट लॉ'च्या पाचव्या न्यायाधीशाच्या नावापुढे, आयुष्यात पहिल्यांदाच, काही मत नसलेला उभा राहतो. मग खाली 'रेलरोड कमिशनर' असे पद दिसते आणि त्याच्या जिवात जीव येतो.

रेल्वेवर त्याचे ठाम मत असते. लोकल गाडीत उभे राहून शिकलेला माणूस रोज टोलच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगेत बसतो; शेजारच्या प्लानोला गाडी येते, फ्रिस्कोला येत नाही. प्लानोने विक्रीकरातला आपला हिस्सा डॅलसच्या परिवहन संस्थेला दिला. फ्रिस्कोने तसाच हिस्सा विकास महामंडळांकडे वळवला आणि त्यातून मैदाने उभी राहिली. रेल्वेच्या नावाने वसलेल्या गावाने गाडीऐवजी संघ घेतले, हे त्याला ठाऊक नसेल. गाडी यायला हवी हे त्याला पक्के ठाऊक असते. १८९१ मध्ये रेल्वेच्या नियमनासाठी स्थापन झालेल्या त्या आयोगाकडे २००५ पासून रेल्वेचे काहीही उरलेले नाही, तो तेल आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी पाहतो, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नसते. तो विचारपूर्वक खूण करतो, बाहेर येतो, शंभर फुटांची रेषा ओलांडून फोन सुरू करतो, आणि लगेच घरून फोन येतो.

"दिलंस का मत?"

"दिलं."

"कोणाला?"

"रेल्वेवाल्याला. बघू आता."